जमिनीबरोबर हरणं येत नाहीत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४६, मूळ सातारा जिल्ह्यातले, अठरा वर्षं अमेरिकेत. घर फिलाडेल्फियाजवळ, आणि यंदा एप्रिलमध्ये मध्य पेनसिल्व्हेनियात ३८ एकर रान विकत घेतलंय, घरापासून अडीच तासांवर. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, त्यांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत हे वाढले. थँक्सगिव्हिंगनंतर रायफलचा सीझन सुरू झाला की स्वतःच्या रानात पहिलं हरीण मारायचं असं ठरवलंय, शक्यतो मोठ्या शिंगांचं, आणि चौदा वर्षांचा मुलगाही मागे लागलाय. पत्नी माळकरी घरातली, शाकाहारी. ती म्हणते, यासाठी जमीन घेतली असशील तर मी तिथे पाय ठेवणार नाही. "घरात मटण चालतं, मग हरीण का नाही?" हा यांचा प्रश्न. त्यातच शेजारचे सत्तरीचे आजोबा, जे जुन्या मालकाच्या परवानगीने तीसेक वर्षं त्याच रानात शिकार करायचे, दोन बरण्या घेऊन आले, एकीत डबाबंद हरणाचं मटण आणि एकीत सफरचंदाचा मुरंबा, आणि यंदा येऊ का म्हणून विचारून गेले. यांनी "बघू" म्हटलं आणि पुढच्या वीकेंडला हद्दीवरच्या झाडांना जांभळे पट्टे मारले. ऑफिसातला मित्र म्हणतो, एकरी भावाने शिकाऱ्यांना लीजवर दे, टॅक्स निघेल. शेवटी विचारलंय, "ताई, जमीन माझी, त्यावरची हरणं माझी, कायदा मोडत नाहीये, मग मला अपराधी का वाटावं?"

नमस्कार. पत्र मनापासून लिहिलंय म्हणून उत्तरही मोकळेपणाने देते. मी या राज्यात बावीस वर्षं राहतेय, स्वतः शिकार करत नाही, पण करणाऱ्यांच्या शेजारात राहिलेय, त्यांच्याबरोबर रानात गेलेय, त्यामुळे शिकारी म्हटलं की राक्षस असं माझं अजिबात नाही. आणि नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी एक हरिणी माझ्या गाडीसमोर आली होती, ती गेली, गाडी गेली, मी वाचले, त्यामुळे हरीण म्हणजे नुसतं चित्रातलं गोजिरवाणं पाडस असंही नाही.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते कारण सगळी गाठ तिथेच बसलीय. जमीन तुमची, कबूल. हरणं मात्र तुमची नाहीत. अमेरिकेत रानातलं जनावर जमीनमालकाचं नसतं, ते सगळ्या लोकांचं असतं आणि राज्य त्याचं विश्वस्त असतं. पेनसिल्व्हेनियाच्या घटनेत १९७१ पासून लिहिलेलंच आहे की राज्याची नैसर्गिक संपत्ती ही सगळ्या लोकांची सामायिक आहे, जे अजून जन्मालाही आले नाहीत त्यांचीसुद्धा. म्हणून तर स्वतःच्या रानात मारायचं तरी गेम कमिशनचं, म्हणजे राज्याच्या शिकार-वन्यजीव खात्याचं, लायसन्स लागतं, मादीसाठी वेगळं लायसन्स लागतं, जनावर पडलं की जागेवरून हलवायच्या आधी कानाला टॅग लावावा लागतो आणि दहा दिवसांत कळवावं लागतं. शेतीवरच पोट असणाऱ्या काही कुटुंबांना लायसन्समधून सूट आहे, पण वीकेंडला जाणारे आपण त्यात बसत नाही. आणि कायदा सोडा, हरणाचा वावरच शेकडो एकरांत असतो हो, तुमचे ३८ एकर म्हणजे त्याच्या घरातली एक खोली. सकाळी तुमच्याकडे, दुपारी त्या आजोबांच्या मक्यात, रात्री रस्त्यापलीकडे. मग ते नक्की कुणाचं?

मला वाटतं तुम्हाला जे टोचतंय ते पाप-पुण्यापेक्षा हे आहे. तुम्ही मालक झालात पण त्या जागेचे अजून झाला नाहीत, आणि ते तुम्हाला आतून कळतंय. तुमच्या आजोबांच्या गोष्टींबद्दल किती छान लिहिलंय तुम्ही, पाणवठ्याजवळ रात्रभर मचाणावर बसायचे, वाऱ्याची दिशा बघायला चिमूटभर राख सोडायचे. पण त्या माणसाचा जन्म त्या रानात गेला होता हो. कुठली वाट कुठे उतरते, भेकर कुठल्या घळीत बसतं, हे त्यांना शोधायला लागत नव्हतं. तुम्ही लिहिलंय की एप्रिलपासून नऊ वेळा गेलात. नऊ वेळा. "शिकार आमच्या रक्तात आहे" हे वाक्य मी समजू शकते, पण रक्तात गोष्टी येतात, रान येत नाही, ते पायांनी शिकावं लागतं.

आणि ते रान तीस वर्षं पायांखाली घातलेला माणूस स्वतःहून तुमच्या दारात आला होता, बरण्या घेऊन.

जांभळ्या पट्ट्यांबद्दल स्पष्टच बोलते. हा कायदा २०२० पासून आहे, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर आठ इंची उभा पट्टा, दोन पट्ट्यांमध्ये शंभर फुटांपेक्षा जास्त अंतर नाही, आणि त्याचा अर्थ "आत येऊ नका" असाच होतो, पाटी लावल्यासारखा. तुम्ही कायदेशीर वागलात. पण खेड्यात त्याचा अर्थ कसा लागतो बघा. एका म्हाताऱ्याने विनवणी केली, तुम्ही "बघू" म्हणालात आणि आठवड्यात झाडं रंगवलीत. त्याला उत्तर मिळालं, तुम्ही तोंडाने दिलं नाहीत एवढंच. आपल्याकडे कुणी वर्षानुवर्षं बांधावरून पाण्याला जायचा आणि नव्या मालकाने न बोलता काटेरी कुंपण घातलं तर गावात काय बोलतात ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय आणखी एक व्यवहाराची गोष्ट, तुम्ही गोळी झाडलीत आणि जखमी हरीण उडी मारून त्यांच्या हद्दीत गेलं तर ते आणायला तुम्हाला त्यांचीच परवानगी मागावी लागेल. इथे शिकारीच्या मागे दुसऱ्याच्या जमिनीत घुसायचा हक्क नाही. आणि जखमी हरीण हद्द बघून पडत नाही.

मित्राचा लीजचा सल्ला मी तरी घेणार नाही. पेनसिल्व्हेनियात १९६६ चा एक कायदा आहे, लोकांना फुकट फिरू-शिकार करू दिलंत तर कुणाला काही झाल्यास जमीनमालकाला बरंच संरक्षण मिळतं, पैसे घेतले की ते संरक्षण जातं, मग इन्शुरन्स आला, वकील आला. शिवाय अडीच तासांवर अनोळखी माणसं बंदुका घेऊन तुमच्या रानात फिरणार आणि तुम्ही इथे मीटिंगमध्ये. शेजारच्या आजोबांना मात्र लेखी परवानगी द्या, एका पानावर, कुठले दिवस, कुठला भाग, बरोबर कोण, सगळं स्पष्ट. मैत्रीत कागद कशाला असं वाटेल पण कागदाने मैत्री टिकते, निदान पुढच्या पिढीत भांडण होत नाही.

आता पत्नीकडे येते. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की डीडवर, म्हणजे खरेदीखतावर, दोघांची नावं आहेत आणि डाउन पेमेंटमध्ये त्यांची बचतही गेलीय. तरी पूर्ण पत्रात "माझी जमीन" नऊ-दहा वेळा आलंय, "आमची" एकदाही नाही. त्या म्हणाल्या, "यासाठी जमीन घेतली असशील तर." हा "तर" मला फार महत्त्वाचा वाटतो. म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं जमीन कशासाठी घेतली. त्यांना काय वाटलं होतं, तुम्ही विचारलंत का? कदाचित त्यांच्या डोळ्यांसमोर छोटं घर असेल, भेंडी-वालाचे वाफे असतील, आईवडील उन्हाळ्यात आल्यावर बसायला ओसरी असेल. भांडण हरणावरून दिसतंय पण मला ते "मला न विचारता" यावरून जास्त वाटतंय. माझं चुकतही असेल, पण विचारून बघा, आणि विचारताना हरणाचा विषय काढू नका.

मटणाचा मुद्दा मात्र सोडून द्या, खरंच. त्या खात नाहीत, इतकी वर्षं तुमच्या ताटातलं सहन करतायत, ती त्यांची समजूत आहे, त्याचा पुरावा म्हणून त्यांच्याच विरुद्ध वापर करणं बरोबर नाही. आणि फरक आहेच. मटण पिशवीतून येतं. इथे ट्रिगरवर बोट नवऱ्याचं असणार आणि शेजारी मुलगा बसलेला असणार. ज्या देशातून आपण आलो तिथे १९७२ च्या कायद्याने हरीण मारणं हा गुन्हा आहे, त्यांच्या मनात "हरीण" या शब्दालाच ते चिकटलेलं आहे, शिवाय गळ्यातली माळ. ते वाद घालून निघत नाही आणि निघावं असंही मला वाटत नाही.

तरी त्यांनाही एक गोष्ट दाखवावीशी वाटते, सांगण्यापेक्षा दाखवावीशी. तुमच्या रानात दोघं जा आणि गुडघ्यापर्यंत वाकून बघा. वर ओक, मेपल मस्त उभे असतील, पण खाली? बहुतेक नुसतं नेचं दिसेल, हिरवंगार, एकसारखं, गालिचा घातल्यासारखं. सुंदर दिसतं. पण त्यात वीतभर ओकचं रोप शोधून दाखवा. हरीण नेच्याला सहसा तोंड लावत नाही, बाकी कोवळं सगळं खातं, म्हणून म्हातारी झाडं मेली की त्यांच्या जागी यायला कुणी नाही. या राज्यातले लांडगे एकोणिसाव्या शतकातच संपवले, हरणंही जवळजवळ संपवली होती, १८९५ मध्ये गेम कमिशन निघालं, मग बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, माद्या मारायला बंदी घातली, आणि ती इतकी वाढली की जंगलच खाली बसायला लागलं. म्हणजे "मारू नका" हाही इथे निष्पाप पर्याय उरलेला नाही, जे लांडग्यांनी केलं असतं ते कुणीतरी करायला लागतं. एक साधा प्रयोग करा, दहा फूट व्यासाचं गोल तारेचं कुंपण घाला, हरणाला तोंड घालता येणार नाही इतकं उंच आणि घट्ट, आणि दोन वर्षं आतबाहेर काय उगवतं त्याचे फोटो काढत राहा. हे काम तुमच्या पत्नीलाही आवडेल असं मला उगाच वाटतंय, मुलाला तर नक्की.

पण मग यातून तुमच्यासाठीही एक अवघड गोष्ट निघते. रानाच्या भल्यासाठी मारायचं असेल तर शिंगवाला नर मारून फारसा उपयोग नाही, एक नर अनेक माद्यांना पुरतो. संख्या कमी होते ती मादी मारून. नोव्हेंबरअखेरीस मे-जूनमधली पाडसं दूध तुटून स्वतःचं चरत असतात, आईवाचून जगतात, पण ती आजूबाजूला उभी असतात हो. तुम्हाला ते चालणार आहे का? का तुम्हाला फक्त फायरप्लेसवर शिंगं हवी आहेत? शिंगं हवी असणं हा गुन्हा नाही, पण मग पत्नीला जंगल वाचवतोय म्हणून सांगू नका.

आता गोळीनंतरचं. पत्रात तुम्ही रायफलचं मॉडेल लिहिलंय, स्कोप लिहिलाय, पण हरीण पडल्यावर काय याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मी बघितलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारणीबरोबर गेले होते. तिने एकच गोळी झाडली, हरिणी दचकली आणि पळाली. मला वाटलं चुकली. ती म्हणाली नाही, आणि घड्याळ लावून अर्धा तास तिथेच बसली, कारण लगेच मागे गेलं की जखमी जनावर घाबरून आणखी लांब जातं आणि मग सापडत नाही. मग आम्ही माग काढायला लागलो. वाळलेल्या ओकच्या पानावर टिकलीएवढा थेंब, गुलाबी, बारीक फेस असलेला, म्हणजे फुप्फुसातला. प्रत्येक थेंबाशी ती टॉयलेट पेपरचा कपटा ठेवत जायची, मागे वळून बघितलं की रानात पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसायची आणि कुठल्या बाजूला गेली ते कळायचं. ऐंशी पावलांवर ती सापडली. शेजारणीने मागून जाऊन लांब काठीने डोळ्याला स्पर्श केला, पापणी हलली नाही, मग कानाला टॅग लावला. मग गुडघ्यावर बसून सुरीने पोट उघडलं. कडाक्याची थंडी होती, आतून वाफ आली, पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी, आणि ओल्या गवताचा, रक्ताचा असा मिसळलेला वास. कोपरापर्यंत तिचे हात लाल. गाडीपर्यंत ओढत न्यायला आम्हाला दोघींना पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ ती एक शब्द बोलली नाही. शिकारीच्या बावीसाव्या वर्षीही तिला दर वेळी असंच होतं म्हणाली.

हे सगळं तुम्ही करू शकता का ते तुम्हाला माहीत नाही. मलाही माहीत नाही. म्हणून माझा सल्ला असा की यंदा तुम्ही मारू नका, यंदा बघा. त्या आजोबांना सांगा, या, तुम्हीच शिकार करा, आम्हाला सोबत घ्या. नारिंगी जॅकेट-टोपी घालून त्यांच्याशेजारी बसा, अडीचशे चौरस इंच चमकदार नारिंगी अंगावर असायचा नियम आहे तो शिकाऱ्यासाठी, पण त्या दिवसांत रानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकानेच घालावं. हरीण पडलं की हात लावा, ओढा, कापायला मदत करा. पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा पहिला दिवस असायचा, खेड्यातल्या शाळा बंद असायच्या त्यासाठी, २०१९ पासून तो शनिवार झालाय, म्हणजे तुम्हाला रजासुद्धा काढायला लागत नाही. अगदीच राहवत नसेल तर मेंटॉरची योजना आहे, लायसन्सवाला एकवीस वर्षांपुढचा माणूस बरोबर असेल तर नवख्याला परमिटवर शिकारीच्या प्रशिक्षणाच्या कोर्सशिवायही जाता येतं. पण मी तुमच्या जागी असते तर थांबले असते.

तोपर्यंत कोर्स करून घ्या, तुम्ही आणि मुलगा एकाच बाकावर बसून. गेम कमिशनचा वर्गातला कोर्स फुकट असतो आणि अकरा वर्षांपुढच्या कुणालाही करता येतो. जमलं तर पत्नीनेही करावा, शिकारीसाठी नाही, घरात बंदूक येणार असेल तर ती कशी उघडतात आणि रिकामी आहे हे कसं बघतात हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला यायला हवं म्हणून. आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. पत्रात तुम्ही म्हणता रायफल बेसमेंटमधल्या कपाटात ठेवू. नाही. कुलपाची तिजोरी, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली किंवा कोड मुलाला माहीत नाही. चौदा वर्षांचा मुलगा घरात आहे, बंदूक असलेल्या घरात आत्महत्येचा धोका वाढतो हे पुन्हापुन्हा दिसलेलं आहे, आणि मुलं आपल्याला सगळं सांगत नसतात, चांगल्या घरातलीही नाही. हे मान्य नसेल तर बंदूक घेऊच नका.

मचाणाबद्दलही. इथे ट्री स्टँड मिळतात, जुन्या मालकाचा एखादा अजून झाडावर असेल, त्यावर चढू नका, पट्टे कुजलेले असतात. शिकारीतले कितीतरी अपघात गोळीने नाही तर झाडावरून पडून होतात. नवा घ्या आणि पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत हार्नेस अंगावर ठेवा. कुणाच्याही राहत्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत त्यांच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही, तर नकाशावर ती वर्तुळं आत्ताच काढा, ३८ एकरातले किती उरतात बघा. मका किंवा मीठ टाकून हरणं बोलवायची नाहीत, बेकायदा आहे. आणि घरी आल्यावर रोज अंग तपासा, काखा, गुडघ्यांमागे, केसांत, मुलाचेही, या राज्यात गोचिडीपासून होणारा लाइम हा रोग भरपूर आहे आणि सुरुवातीला ती गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते.

पुढच्या वर्षी मारलंच तर मांसाचं आधी ठरवा. हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग आहे, या राज्यात तो २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं आजवर दिसलेलं नाही, पण रोगी जनावर खाऊ नका असंच सांगतात. तुमचा भाग त्या क्षेत्रात येतो का ते कमिशनच्या नकाशावर बघा, तिथे डोकं तपासायला टाकायच्या पेट्या असतात, रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा. गोळी तांब्याची घ्या, शिशाचे बारीक कण मांसात लांबपर्यंत पसरतात आणि ते तुमचा मुलगा खाणार आहे. आणि स्वयंपाकघर पत्नीचंही आहे, त्यांना नको असेल तर गॅरेजमध्ये वेगळा फ्रीझर, वेगळी भांडी, तुम्हीच शिजवायचं तुम्हीच घासायचं. जास्त झालं तर इथे हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट ही योजना १९९१ पासून आहे, शिकाऱ्यांनी दिलेलं मांस गरजूंच्या अन्नछत्रांपर्यंत जातं. तुमच्या पत्नीचा विरोध त्याने जाणार नाही, त्यासाठी सांगतही नाहीये.

समजा वर्षभर बघून तुम्हाला वाटलं की नाही, हे माझं काम नाही, तर? तर आजोबांना येऊ द्या, ते नसतील तेव्हा त्यांच्या ओळखीचं कुणी येऊ द्या, रानाचं काम होत राहील. तुमच्या आजोबांच्या गोष्टी मुलाला सांगायला ट्रिगर ओढावाच लागतो असं नाही. आणि पत्नीशी आधी एक साधी वाटणी करून टाका, सीझनमधला एक वार पूर्ण घरचा. २०२५ मध्ये रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदी उठली, त्यामुळे आता रविवार आपोआप शांत राहणार नाही, तो तुम्हालाच शांत ठेवायला लागेल. त्या दिवशी तुमच्या ३८ एकरात कुणीही बंदूक आणायची नाही, हे आजोबांच्या कागदावरही लिहा, आणि त्या दिवशी तिथे पाय ठेवाल का, एवढंच पत्नीला विचारा.

पट्टे पुसत बसू नका, हद्द दिसलेली बरीच असते, बाहेरच्या लोकांसाठी. पण पुढच्या वीकेंडला आजोबांकडे दोघं जा आणि तोंडाने सांगा की ते पट्टे तुमच्यासाठी नव्हते. खरं नसेल तर तेही सांगा, की तेव्हा होते, आता नाहीत. त्यांना म्हणावं, सीझनच्या आधी एक दिवस आम्हाला रान दाखवा, पाणी कुठे आहे, वाटा कुठल्या, तुम्ही कुठे बसायचा. आणि त्या दोन बरण्या अजून गॅरेजमध्ये न उघडलेल्या आहेत म्हणून लिहिलंय तुम्ही. मुरंबा तर पत्नीलाही चालेल, तो संपवा, बरणी धुवा आणि भरून न्या. काय भरायचं ते पत्नीला विचारा.